रद्द तिकीट आणि रद्दीतलं पाकीट

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला देशातून येणारे प्रश्न ठरलेले असतात. थंडी फार आहे का, दूध काय भावानं मिळतं, आणि परत कधी येणार. गेल्या काही वर्षांत ह्या यादीत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. माळा आवरताना कुणाला तरी काकांचा तिकिटांचा अल्बम सापडतो, त्याचे फोटो व्हॉट्सॅपवर येतात आणि खाली प्रश्न असतो, "तू लंडनलाच आहेस ना, तिथे ह्याला काय भाव येईल रे?"

अलीकडे आलेल्या अशाच फोटोंत अमेरिकेची तिकिटं होती. एक सेंटचा हिरवा जॉर्ज वॉशिंग्टन, दीड सेंटची तपकिरी मार्था वॉशिंग्टन. तारखेचा गोल शिक्का कुठेच नाही. त्याऐवजी दोन आडव्या काळ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये छापील अक्षरांत 'शिकागो, इल.'. दोन तिकिटांवर हेच नाव उलटं पडलेलं. सोबत इंटरनेटवरच्या एका विक्रीच्या पानाचा फोटो. त्यात असंच उलट्या नावाचं तिकीट, 'अतिदुर्मीळ चूक' अशी पाटी आणि काही हजार रुपयांची मागणी.

तर मंडळी, ह्या तिकिटांचा भाव सांगून टाकतो. शून्य. विकायला गेलात तर बसचं भाडंही सुटणार नाही. पण हा भाव शून्य का, हे नीट समजून घेतलं तर आपल्या घरात खरं मोलाचं काय पडलं आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईत आपण ते रद्दीवाल्याला कसं घालतो, हेही समजेल. आजचा लेख त्यासाठी. तो थोडा भांडखोर आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी ही आडव्या रेघांची भानगड काय आहे ते पाहू. इंग्रजीत ह्या तिकिटांना प्रीकॅन्सल म्हणतात, म्हणजे आगाऊ रद्द केलेली तिकिटं. एरवी क्रम असा असतो: तुम्ही तिकीट लावता, पाकीट पेटीत टाकता आणि मग टपाल कचेरी त्यावर शिक्का मारते, जेणेकरून तेच तिकीट कुणी पुन्हा वापरू नये. आता समजा एखादी मोठी कंपनी एकदम पन्नास हजार जाहिरातींची पाकिटं टाकते आहे. प्रत्येकावर वेगळा शिक्का मारायचा म्हणजे कारकुनांचे हात दुखायचे आणि टपालही तुंबायचं. मग तोडगा असा निघाला, की तिकिटांच्या आख्ख्या तावावरच आधी गावाचं नाव छापून टाकायचं आणि ते ताव परवाना असलेल्या बड्या गिऱ्हाइकालाच विकायचे. पाकिटं आली की शिक्क्याची पायरी गाळून सरळ वर्गवारीकडे. आमच्या भाषेत सांगायचं तर नग नग करत बसण्याऐवजी एकगठ्ठा प्रक्रिया, तीही ओळीच्या सुरुवातीलाच.

कल्पना नवी नव्हती. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकातच वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर आधी तिकीट चिकटवायचे आणि मग कागद छापखान्यात जायचा. बातमीची अक्षरंच तिकिटावर छापली जायची आणि तोच शिक्का. पुढे फ्रान्सनं अर्धगोल ठशाची खास तिकिटं काढली. बेल्जियममध्ये तावावर शहराचं नाव आणि वर्ष छापत. ब्रुसेल्सचं तिकीट असेल तर मध्ये वर्ष, एका बाजूला फ्रेंच स्पेलिंग आणि दुसऱ्या बाजूला फ्लेमिश. दोन भाषांच्या भांडणात सापडलेल्या गावाचं नाव तिकिटावर कसं छापायचं, हा प्रश्न फक्त बेळगावचा नाही, एवढं त्यावरून कळतं. अमेरिकेनं मात्र ह्या पद्धतीचा कळस केला. तिथे हजारो गावांच्या नावांनी असली तिकिटं निघाली. काही त्या त्या गावच्या टपाल कचेरीनं हातानं वा स्थानिक छापखान्यात छापून घेतलेली, आणि काही थेट वॉशिंग्टनच्या सरकारी कारखान्यात तिकिटासोबतच छापलेली. ह्या कारखान्याचा प्रयोग १९१६ साली तीन गावांपुरता झाला आणि १९२३ पासून ते नियमित काम झालं. कारखान्यातल्या छपाईतून गावांची नावं १९७८ मध्ये गेली.

आता भावाकडे येऊ. असल्या तिकिटाचं मोल ठरवताना जाणकार माणूस चित्राकडे बघतही नाही. तो तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न, गाव कुठलं? शिकागो हे टपालानं माल मागवण्याच्या धंद्याचं माहेरघर. सीअर्स रोबक आणि माँटगमरी वॉर्ड ह्या दोन्ही कंपन्या तिथल्याच. त्या शहराच्या नावाची आगाऊ रद्द तिकिटं पोत्यांनी वापरली गेली. त्यामुळे शिकागो, न्यूयॉर्क ही नावं म्हणजे आपल्याकडच्या अल्बममधली 'मग्यार पोस्टा'. तेच हिरवं एक सेंटचं तिकीट, त्याच कारखान्यातलं, त्याच वर्षातलं. पण एखाद्या आडगावाचं, जिथे बियाण्यांच्या एका व्यापाऱ्यानं वर्षभरात दोन-चार ताव नेले असतील, तर ते मिळवण्यासाठी लोक आयुष्य घालवतात. तिकीट तेच, फरक गावाचा.

दुसरा प्रश्न, नाव छापलं कसं? इथे ती 'अतिदुर्मीळ चूक' येते. गावच्या कचेरीत कारकून शंभर तिकिटांचा ताव समोर ठेवून शिक्के मारत सुटे. ताव सुलटा आहे की उलटा, हे बघायचं त्याला काही कारणच नव्हतं, नाव वाचता आलं की झालं. जिथे दिशा कुणी सांभाळतच नव्हतं, तिथे उलटं पडण्याची शक्यता नाण्याच्या छापा-काट्याइतकीच. तिला चूक तरी कसं म्हणायचं? पण कारखान्यात यंत्रावर सलग छपाई चालू असताना नाव उलटं पडलं, तर तिथे खरोखर काहीतरी बिघडलेलं असतं आणि तो नग विरळा ठरतो. म्हणजे 'उलटं' ह्या शब्दाला स्वतःचा भाव नाही. ज्या प्रक्रियेतून ते उलटं झालं, त्या प्रक्रियेत ते किती अवघड होतं, त्याला भाव आहे. कारखान्यात गुणवत्तेचं काम केलेल्या कुणालाही हे पटेल. दोष मोजायचा तर आधी प्रक्रिया माहीत हवी. विक्रीच्या पानावर 'चूक' लिहिणाऱ्याला प्रक्रियाही माहीत नसते आणि बहुधा ती माहीत करून घ्यायचीही नसते.

तिसरा प्रश्न, तिकीट कशावर होतं? म्हणजे ते ज्या पाकिटावर किंवा वेष्टनावर लागलं होतं, ते शिल्लक आहे का? असेल तर कुणी पाठवलं, कुणाला, काय वजनाचं, कुठल्या दरानं, हे सगळं समोर असतं. दीड सेंट असा विचित्र आकडा का, तर छापील मजकुराचा साधा दर १९२५ पासून दीड सेंट होता. नुसत्या तिकिटावरून हे कळत नाही. गंमत अशी की गावाचं नाव तिकिटावरच असल्यामुळे ह्या छंदातल्या जुन्या लोकांनी पाकिटं बेदरकारपणे फेकली आणि तिकिटं तेवढी ठेवली. परिणामी आज हौशी लोक तीच स्वस्त तिकिटं पाकिटासकट शोधत फिरतात आणि ती सापडत नाहीत.

ह्यात वर्षाचा प्रश्न नाही, चित्राचा नाही, 'जुनं आहे' ह्याचा तर मुळीच नाही. जुनं म्हणजे मौल्यवान हा आपल्याकडचा आवडता गैरसमज. त्याच्यावर उतारा म्हणून जगातल्या पहिल्या तिकिटाचंच उदाहरण देतो, कारण त्याचा जनक माझ्या आजच्या पत्त्याचा शेजारी आहे.

मी राहतो त्या कॅमडेनच्याच हद्दीत हॅम्पस्टेड येतं. रोलंड हिल तिथे राहत होता आणि २७ ऑगस्ट १८७९ रोजी तिथेच वारला. तिथल्या मोठ्या इस्पितळाच्या बाजूला त्याच्या नावाची गल्ली आहे. ह्या माणसानं 'अंतर कितीही असो, दर एकच, आणि पैसे पाठवणाऱ्यानं आधी भरायचे' हे तत्त्व अमलात आणलं आणि मे १८४० मध्ये पेनी ब्लॅक आलं. आपल्याकडे सर्वसाधारण समजूत अशी, की पेनी ब्लॅक सापडलं म्हणजे फ्लॅटचं कर्ज फिटलं. प्रत्यक्षात ही तिकिटं सहा कोटी ऐंशी लाखांहून अधिक छापली गेली. कडा जराशा कापल्या गेलेलं, वापरलेलं पेनी ब्लॅक लंडनमध्ये दोघांच्या बऱ्यापैकी जेवणाच्या बिलात येतं. त्यातही भावात मोठा फरक पडतो तो प्लेट कुठली, कडा शाबूत आहेत का आणि शिक्का कसा आहे ह्यावर. सुरुवातीला लाल शाईचा शिक्का मारत, तो लोक पुसून तिकीट पुन्हा वापरू शकत. म्हणून १८४१ मध्ये तिकीटच लाल केलं आणि शिक्का काळा. म्हणजे तिकिटाचा रंगसुद्धा शिक्क्याच्या सोयीनं ठरला. पहिल्या दिवसापासून खरा नायक शिक्का आहे, राणीचा चेहरा दुय्यम.

आणखी एक उदाहरण, आपल्या मातीतलं. कॅमडेनमध्येच सेंट पँक्रस स्टेशनला लागून ब्रिटिश लायब्ररी आहे. तिथे टॉमस टॅपलिंग ह्या खासदारानं १८९१ मध्ये मृत्युपत्रानं ठेवून गेलेला तिकीटसंग्रह आहे. त्यात १८५४ सालचं हिंदुस्थानचं चार आण्यांचं तिकीट आहे, ज्यात राणी डोक्यावर उभी आहे. कलकत्त्यात दगडी छपाईवर दोन रंगांत, दोन खेपांत छापलेलं. लाल चौकट एका खेपेत, निळं डोकं दुसऱ्या. मध्ये कधीतरी ताव फिरला. हे शिकागोच्या उलट्या नावासारखं नाही, इथे दिशा सांभाळण्यावरच सगळा डोलारा होता. आज असे जेमतेम तीसेक नग माहीत आहेत. आणि त्यातले जवळजवळ सगळे अष्टकोनी कापलेले आहेत! चौकट अष्टकोनी म्हणून वापरणाऱ्यानं कात्री घेऊन छान कडेकडेनं कापलं. चौकोनी राहिलेले नग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि सगळे जण हपापलेले असतात ते त्यांच्यासाठी. छपाईच्या चुकीनं त्या तिकिटाचं मोल वाढवलं आणि नीटनेटकेपणाच्या हौसेनं घटवलं.

ही कात्री हाच माझ्या भांडणाचा विषय.

आपण मुलांना तिकीटसंग्रह म्हणून काय शिकवतो? पाकिटाचा कोपरा काप, वाटीत कोमट पाणी घे, तिकीट भिजत घाल, सुटलं की वर्तमानपत्रावर वाळव आणि अल्बममध्ये चिकटव. शिक्का कमी असेल तितकं चांगलं, चित्र स्वच्छ दिसतं. म्हणजे टपालानं केलेल्या कामाचा जो पुरावा, तो डाग. आणि ज्या पाकिटावर कुणाचं नाव, कुठलं गाव, कुठल्या तारखेला निघालं आणि कुठल्या तारखेला पोचलं हे सगळं आहे, तो कचरा. इंग्रज ह्यात काही शहाणे आहेत असं समजू नका. इथल्या ऑफिसांतून धर्मादाय संस्थांसाठी डबे ठेवलेले असतात, त्यात लोक पाकिटाचा तेवढा कोपरा कापून टाकतात आणि ते तुकडे पुढे किलोवर विकले जातात. रद्दी ही संस्था जागतिक आहे.

ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहेत ती शाळेत असताना आपल्या सगळ्यांकडे असलेली मोठाली रंगीबेरंगी तिकिटं. अजमान, फुजैरा, मंगोलिया, पोलंड. घोडे, फुलपाखरं, अवकाशवीर. कोपऱ्यात शिक्क्याचा अगदी पाव गोल, चित्राला धक्का न लावता, आणि मागे डिंक जसाच्या तसा. डिंक शाबूत आणि वर शिक्का, ह्याचा अर्थ ते तिकीट कधी पाकिटाला लागलंच नाही. संग्राहकांना पाकिटांतून स्वस्तात विकता यावीत म्हणून ती तावच्या ताव शिक्का मारून काढली जात. वरकरणी बघाल तर हीही आगाऊ रद्द आणि ती शिकागोचीही आगाऊ रद्द. पण शिकागोच्या तिकिटाला शिक्का मारला तो त्यानं लवकर कामाला लागावं म्हणून. अजमानच्या तिकिटाला मारला तो त्यानं कधीच कामाला लागू नये म्हणून. मोल ठरवताना हा फरक ओळखता आला नाही तर बाकीचं सगळं ज्ञान फुकट.

आणि आता न आवडणारं बोलतो. आपल्याकडचं प्रथम दिवस आवरण, ज्याला सगळे एफडीसी म्हणतात, ते बहुतेक वेळा ह्या दुसऱ्याच जातीचं असतं. तिकिटाच्या काउंटरवर घ्यायचं, तिथेच सुंदर शिक्का मारून घ्यायचा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायचं. पत्ता नाही, प्रवास नाही. २०१७ साली केंद्र सरकारनं दीनदयाळ स्पर्श ही तिकीटसंग्रहाची शिष्यवृत्ती सुरू केली, सहावी ते नववीच्या मुलांना वर्षाला सहा हजार रुपये. हेतू चांगलाच आहे. पण घराघरांतून मुलाला तयारी म्हणून करायला लावतात ती नव्या तिकिटांची खरेदी. त्याच मुलाच्या आजीच्या ट्रंकेत साठ वर्षांची पत्रं असतात आणि ती उघडून बघ असं त्याला कुणी सांगत नाही.

काय असतं त्या ट्रंकेत? तारेत ओवलेली पोस्टकार्डं. जुन्या घरांत भिंतीला आकडा असलेली तार असायची, आलेलं कार्ड वाचून झालं की त्यात खोचायचं. बाजारातला विक्रेता ते भोक बघून म्हणेल, माल खराब. पण ते भोकच सांगतं, की हे कार्ड ह्या घरात आलं, वाचलं गेलं आणि ठेवण्याजोगं वाटलं. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याचं कुंकू. मुंबईच्या गिरणीतून कोकणात आलेल्या मनिऑर्डरची कुपनं, त्यावर दोन ओळींचा मजकूर आणि खेड्यातल्या छोट्या टपाल कचेरीचा गोल शिक्का. गिरणी कामगारानं घर कसं चालवलं ह्यावर आपण परिसंवाद घेतो. महिन्याला किती आणि कुठल्या तारखेला, हे ज्यावर लिहिलं आहे ते कुपन मात्र बंबात गेलेलं असतं. आणि कोपरा फाडलेलं मरणाच्या बातमीचं कार्ड बहुतेक घरांत नसणारच, कारण ते वाचून लगेच फाडून टाकायची रीत. म्हणून क्वचित राहून गेलेलं असं एखादं कार्ड खऱ्या अर्थानं दुर्मीळ. त्याला कुणी 'अतिदुर्मीळ' अशी पाटी लावलेली मी पाहिलेली नाही.

आगाऊ रद्दचा आपला अवतारही ह्याच ढिगात आहे. अमेरिकेसारखी गावाच्या नावाची तिकिटं आपल्याकडे रुजली नाहीत, पण एकगठ्ठा टपालाचा प्रश्न आपल्यालाही होताच. तो सोडवला वर्तमानपत्रांच्या नोंदणीनं. मराठी साप्ताहिकाच्या किंवा मासिकाच्या अंकावर बारीक अक्षरांत एक ओळ असते, जी कुणीही वाचत नाही. नोंदणी क्रमांक, 'लायसन्स्ड टु पोस्ट विदाउट प्रीपेमेंट', परवान्याचा क्रमांक, आणि मुंबईचा अंक असेल तर 'पत्रिका चॅनेल सॉर्टिंग ऑफिस' आणि टपालात टाकण्याची तारीख. तिकीटच नाही आणि शिक्काही नाही. छापखान्यातच छापलेली ही ओळ तिकिटाचंही काम करते आणि शिक्क्याचंही. फ्रान्सच्या छापखान्यात बातमीच्या अक्षरांनी रद्द होणारं ते तिकीट आठवा, त्याच कुळीतली ही ओळ. आणि अंकाभोवती गुंडाळलेल्या कागदी पट्टीवर वर्गणीदाराचं नाव आणि गाव.

ती पट्टी कुणी ठेवली आहे का? 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद झाली. ती कोण वाचत होतं ह्यावर आजही वाद होतात. फक्त गिरगाव-पुण्यातले चार लोक, की तालुक्याच्या गावातले मास्तरसुद्धा? 'साधना' १९४८ पासून निघते आहे. तिचा अंक कुठल्या खेड्यात किती दिवसांनी पोचायचा? ह्या प्रश्नांची उत्तरं मतांनी मिळत नाहीत. ती पट्ट्यांवर लिहिलेली होती. अंक हातात आला की पट्टी टराटरा फाडायची आणि वाचायला बसायचं, हे आपलं वाचनप्रेम. आणि ग्रंथालयांची तऱ्हा विचाराल तर वर्षाचे अंक बांधताना मुखपृष्ठं, जाहिराती आणि ती बारीक ओळ असलेलं पानच काढून टाकलेले खंड मी स्वतः पाहिले आहेत. आत 'साहित्य' शिल्लक, कधी आणि कुठून निघालं ते गायब.

इथे कुणी म्हणेल, अहो, छंद आहे, त्याचा इतका बाऊ कशाला? मुलांना फुलपाखरांची तिकिटं आवडतात, त्यातून भूगोल कळतो. मान्य. लहान मुलाला अजमानचं फुलपाखरू जरूर द्या, मंगोलिया नकाशात शोधू द्या. भिजवायचं तर कालच्या लाखो पाकिटांतलं एखादं भिजवू द्या. माझं भांडण वाटी-पाण्याशी नाही, त्या वाटीत आजोबांचं १९४६ सालचं पाकीट घालण्याशी आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. ठेवायचं कुठे? वन बीएचकेत माणसं मावत नाहीत, तिथे पाकिटं कुठे ठेवू? ह्याला माझं उत्तर असं, की तिकिटांचे चार जाडजूड अल्बम मावतात तिथे बुटाच्या दोन खोक्यांत पाकिटंही मावतात. आणि निवड करावीच लागली तर अल्बम विका. त्याचे पैसे फारसे येणार नाहीत, पण जागा होईल.

तिसरा आक्षेप सगळ्यात प्रामाणिक: मग ह्या पाकिटांना तरी भाव येतो का? काहींना येतो, बहुतेकांना येत नाही. आणि भाव म्हणजे काय, हेही एकदा बघा. स्टॅन्ली गिबन्सचा कॅटलॉग, ज्याच्या नावानं आपल्याकडे शपथा घेतात, तो मुळात एका विक्रेत्याची दरपत्रिका आहे. त्यातला सगळ्यात खालचा भाव हा तिकिटाचा नसून ते शोधून, पुडीत घालून तुम्हाला देण्याच्या हाताळणीचा आहे, असं त्यात स्पष्ट छापलेलं असतं. आपण मात्र अशा हजार तिकिटांना त्या हाताळणीच्या दरानं गुणतो आणि 'काकांचा अल्बम लाखाचा' म्हणून मोकळे होतो. दुकानदाराच्या हमालीला आपण वारसा समजतो, ह्याला काय म्हणावं?

विकत मिळण्याचाच विषय निघाला आहे म्हणून सांगतो. कॅमडेनमध्येच प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे. १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत. महाराष्ट्र सरकारनं ते २०१५ मध्ये विकत घेतलं, आज तिथे स्मारक आहे आणि गावाकडून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेतो. सरकारनं उशिरा का होईना, केलं हे उत्तम केलं. शंभर वर्षांनीही घर जागेवर असतं आणि पैसे मोजले की मिळतं. पण त्या काळात लंडनहून आपल्याकडच्या कितीतरी घरांत पत्रं आली असतील. विद्यार्थ्यांची, बॅरिस्टर होऊ पाहणाऱ्यांची, पहिल्या महायुद्धात लढायला आलेल्या शिपायांची. त्यातलं पत्र कदाचित कुणी जपलं. पाकीट फेकलं, कारण त्यावरचं पंचम जॉर्जचं तिकीट कापून घेतलं. पत्रावर तारीख अर्धवट असेल, पत्ता नसेल. लंडनच्या कुठल्या भागातून, कुठल्या दिवशी ते निघालं हे सांगणारा एकमेव साक्षीदार तो काळा शिक्का होता. त्याचा अर्धा भाग तिकिटाबरोबर अल्बममध्ये गेला आणि अर्धा पाकिटाबरोबर रद्दीत. तो कुठल्याही सरकारला परत विकत घेता येणार नाही.

आणि नवा पुरावा आता फारसा तयार होणार नाही. इथे ब्रिटनमध्ये रोजच्या वापराच्या तिकिटांवर बारकोड आला. बारकोड नसलेली ३१ जानेवारी २०२३ नंतर बाद ठरली आणि सवलतीची मुदतही त्याच वर्षी जुलैअखेर संपली. आता तिकीट खरं की खोटं, वापरलेलं की नवं, हे यंत्र वाचतं आणि कुठल्याशा सर्व्हरवर नोंदवतं. आपल्याकडे २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. इंजिनिअर म्हणून माझी ह्याला काहीच हरकत नाही. वेळ वाचतो, फसवणूक टळते. पण माणसाच्या हातानं, गावाच्या नावानं मारलेला शिक्का ही आता बंद झालेली मालिका होत चालली आहे. जेवढा साठा घरांत आहे तेवढाच. त्यात भर पडणार नाही, घट मात्र रोज होते.

म्हणून काय करायचं ते थोडक्यात सांगतो. पाकीट कापू नका. पत्र पाकिटातच राहू द्या. पिना आणि रबरबँड काढून टाका, दोन्ही कागद खातात. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाठवणारा कोण, घेणारा कोण, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा आणि ती चिठ्ठी सोबत ठेवा. हे विचारायला पाच-दहा वर्षांनी कुणी उरलेलं नसेल, त्यामुळे हे काम आधी. शिक्का वाचता येत असेल तर गावाचं नाव आणि तारीख उतरवून घ्या. 'पूना' लिहिलं असेल तर पूनाच लिहा, सुधारून पुणे करू नका. मासिकाची गुंडाळपट्टी सापडली तर अंकात घालून ठेवा. आणि कुणी 'अतिदुर्मीळ' म्हणून काही विकायला आला, तर त्याला ते तीन प्रश्न विचारा: गाव कुठलं, छापलं कसं, आणि कशावर होतं. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण गप्प बसतात.

शिक्का मारला की टपालखात्याच्या लेखी तिकीट रद्द होतं, कारण त्याचं काम झालेलं असतं. आपलं काम तिथून सुरू होतं. रद्द झालेल्या वस्तूची रद्दी होऊ द्यायची की नाही, हे टपालखातं ठरवत नाही, घरातला आवराआवर करणारा माणूस ठरवतो. दिवाळी दर वर्षी येते आणि रद्दीवाला तर दर महिन्याला.